भिक्षूंची गाठ, चादरीवर

३ फेब्रुवारी ८७
वाचनालयातलं युरोपच्या जुन्या कलेचं जाडं पुस्तक पुन्हा घरी आणलं. तेच पान. हजार-बाराशे वर्षांपूर्वी आयर्लंडकडच्या मठात भिक्षूंनी धर्मग्रंथाचं आख्खं पान गुंतलेल्या पट्ट्यांनी भरलंय. एक पट्टी धरायची, वरून-खालून, वरून-खालून, तुटतच नाही. अरे, हे तर विणकाम! ठरलं. चादरीवर उतरवायचं. किती वर्षं कारखान्यात दुसऱ्यांचे गुलाब ग्राफच्या कागदावर गिरवू?
आई म्हणते, "ते भिक्षू आपले न्हाय." म्हटलं, हात तर बघ त्यांचा. मग बघत बसली.

९ फेब्रु.
मालकांना, इस्माईलशेठना, ग्राफ दाखवला. "बेटी, ये क्या, जाळं विणलंस? बरं. एक नमुना काढू. जमला तर पुढची डिझाइनं तुझी. नाहीतर गपचूप गुलाब."
चालेल.

१७ फेब्रु.
नमुना निघाला. वाट लागली. सवयीने अर्धीच नक्षी काढली होती. आमच्या लूमवर नक्षी उचलणाऱ्या दोऱ्यांची बांधणीच तशी, डावी बाजू द्यायची, उजवी आरशातल्यासारखी आपोआप विणून येते. गुलाबाला चालतं. इथे मधोमध पट्टी स्वतःच्याच प्रतिबिंबाला धडकली. वर कोण, खाली कोण, कळेना, नुसता डाग. एवढी वर्षं ग्राफ काढते आणि हे सुचू नये! रडू आलं, रागाने.

१८ फेब्रु.
शेठ : "मध्ये एक फूल टाक. कुणाला कळणार?"
मला कळेल ना. ते भिक्षू थंडीत कुडकुडत बसले आणि मी डागावर फूल... नाही.
म्हटलं, पूर्ण नक्षी काढते, दोऱ्यांची बांधणी बदलू.
"लूम बंद ठेवू? सीझन तोंडावर हाय."
"ड्युटी संपल्यावर मी बांधते."
शेठनी चहा मागवला. म्हणजे नाही म्हटलं नाही.

२३ फेब्रु.
पूर्ण नक्षी झाली. आता आरसा नाही, तेवढ्याच दोऱ्यांत दोन्ही बाजू बसवायच्या, म्हणून आकार निम्मा करावा लागला. बोट फिरवून पाहिलं, कुठे अडत नाही. खूश.

२६ फेब्रु.
शेठनी कोपऱ्यातला लूम थांबवला, कात्री माझ्या हातात दिली. "सोच ले. कापलं की जुनं एकही डिझाइन याच्यावर चालणार नाही." बाकीचे लूम धडधडत होते, ओरडूनच सांगितलं, "नकोच मला!"
लूमच्या माथ्यावरचे बांधणीचे सगळे दोरे कापले. शिडीवरून उतरले तर पायाशी हा ढीग.
"नवी बांधणी बांधता येते ना तुला?" आता विचारतात!
"येते," म्हटलं. बांधताना पाहिलीय. स्वतः कधी बांधलेली नाही. उद्या बसते.