यादीबाहेरचं गाव

मेलबर्न, ४ ऑगस्ट

थोरल्या बहिणीस धाकट्याचा नमस्कार. वि. वि.

आईच्या दफनानंतर आपण फोनवर बोलायचं सोडलं ते बरंच झालं. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. कागदावर माझं वाक्य मध्येच तोडता येणार नाही, म्हणून हे पत्र. सोबत वर्तमानपत्रातलं कात्रण आहे, राहण्यायोग्य शहरांच्या यंदाच्या यादीचं. आमचं मेलबर्न चौथं. तुझं सिडनी शोधायला बरंच खाली उतरावं लागेल, चष्मा लावून बघ. आपलं ब्रोकन हिल तर उलट्या बाजूने वाचत आलीस तरी सापडणार नाही.

मुद्द्यावर येतो. बाबा एक्याऐंशीचे झाले. सगळं आयुष्य खाणीत उतरलेल्या माणसाची फुफ्फुसं जशी असायची तशीच त्यांची आहेत. फाटकापासून दारापर्यंत येताना ते दोनदा थांबतात, असं शेजारच्या मिसेस वेला सांगत होत्या. जिथे गावाच्या मधोमध खाणीच्या राडारोड्याचा डोंगर उभा आहे आणि रस्त्यांची नावं सल्फाइड, क्लोराइड, ऑक्साइड अशी आहेत, तिथे अशा माणसाने का राहायचं? ते मेलबर्नला येतील. आमची मागची खोली रिकामी आहे. रुग्णालय ट्रामने चार थांब्यांवर आहे. त्यांना आवडतो तो फुटबॉल इथे आहे. तुमच्या सिडनीत रग्बीचा जो धुडगूस चालतो त्याला ते फुटबॉल म्हणतही नाहीत.

घर बघून जायला मी एका दलालाला सांगितलंही आहे. तुला कळवतो आहे, विचारत नाही.

कळावे. लोभाचं तुझं तू बघ.
ग्लेन


सिडनी, ११ ऑगस्ट

चि. ग्लेन यास, आशीर्वाद द्यावासा वाटत नाही, पण रीत म्हणून घे. वि. वि.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि तीन उत्तरं लिहून फाडली. हे चौथं आहे. तुझ्या चौथ्या क्रमांकाशी त्याचा संबंध नाही.

कात्रणाच्या तळाशी बारीक अक्षरांत काय आहे ते वाचलंस का? मोठ्या कंपन्या साहेबलोकांना परदेशी पाठवतात, तेव्हा त्यांना गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा हे ठरवायला ही यादी काढतात. ती टाय लावून विमानातून उतरणाऱ्या पस्तिशीच्या माणसासाठी आहे. शहरात नाट्यगृहं किती हे त्यात मोजलंय. खाटीक आपल्याला नावाने ओळखतो का, हे कुणी मोजलेलं नाही.

तुझा दलाल शुक्रवारी येऊन गेला. बाबांना वाटलं नगरपालिकेचा माणूस गटाराची तक्रार बघायला आलाय. त्यांनी त्याला चहा पाजला, मागे नेऊन तुंबलेली जागा दाखवली, आणि हा गृहस्थ घराचे फोटो काढत राहिला. मिसेस वेलांनी त्याला कुंपणावरूनच विचारलं की, बाबा रे, गटार स्वयंपाकघरात असतं का? तो दलाल होता हे बाबांना तो गेल्यावर कळलं. तुला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. आता खात्री नाही.

आणि मागच्या ईस्टरला ते तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझ्या बायकोने त्यांचा कप वेगळा ठेवला होता. ते कधी बोलले नाहीत. मी पाहिलं होतं.

मी इथल्या फुफ्फुसांच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पंचवीस तारखेला सकाळी दहा वाजता बाबांनी आपल्या गावच्या दवाखान्यात जाऊन पडद्यासमोर बसायचं, डॉक्टर इथून बघतील. मग पुढच्या उपचारांना ते सिडनीला येतील. इथे समुद्राची हवा आहे.

तुझं मेलबर्न तुलाच लखलाभ.
केरिन


मेलबर्न, २७ ऑगस्ट

थोरल्या बहिणीस, नमस्कार मागच्या पत्रातलाच पुरवून वापर. वि. वि.

समुद्राची हवा तुझ्या डोक्यात गेली आहे. पंचवीस तारखेला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, दहाला पाव तास कमी असतानाच दवाखान्यात पोहोचले. पडदा काळा. नर्सने सांगितलं की सिडनीचे डॉक्टर दहा मिनिटं थांबून गेले. बाबांनी तिला आपलं घड्याळ दाखवलं. ते बरोबर होतं. राज्य सिडनीचं असलं तरी ब्रोकन हिलचं घड्याळ ॲडलेडच्या वेळेवर चालतं, सिडनीच्या अर्धा तास मागे, हे तिथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तू त्याच गावात अठरा वर्षं वाढलीस! शाळेत सिडनीच्या परीक्षेचे पेपर सोडवताना तूच फळ्यावर दोन वेळा लिहायचीस ना, एक सरकारची आणि एक आपली?

आता पुढची तारीख नोव्हेंबरात. बाबांनी नर्सची माफी मागितली. कशाची, ते तू मला सांग.

मी कप वेगळा ठेवतो, दलाल पाठवतो, मी वाईट. पण माणूस राहतो ते गाव मी तरी विसरलो नव्हतो.

कळावे, कळलं तर.
ग्लेन


सिडनी, २ सप्टेंबर

चि. ग्लेन यास, आशीर्वाद. वि. वि.

आधी मी दवाखान्याला फोन करून नर्सवर आवाज चढवला. तिने शांतपणे सांगितलं की त्यांच्याकडे वेळ साडेनऊच लिहिलेली होती. बाबांना दहा कुणी सांगितलं ते त्यांना माहीत नाही. मी सांगितलं होतं. चूक माझी आहे. हे वाक्य मी वाटेल तसं फिरवून पाहिलं, ते दुसऱ्या कुणाच्या अंगावर जात नाही.

दोन दिवस मला एकच प्रश्न पडलाय. मला बाबा बरे व्हायला हवे होते, की सिडनीत बरे व्हायला हवे होते? मेलबर्नचा डॉक्टर चांगला निघाला असता तर मला आनंद झाला असता का? याचं उत्तर तुला देणार नाही. तू ते वापरशील.

पण तूही मान खाली घाल. दर रविवारी साडेसहाला, तुझ्या बातम्या संपल्या की, तू त्यांना फोन करतोस. त्यांच्याकडे तेव्हा सहाच वाजलेले असतात, बातम्या सुरू होत असतात. गेली कित्येक वर्षं ते टीव्ही बंद करून तुझं ऐकतात. मिसेस वेलांनी परवा सांगितलं. म्हणाल्या की, ग्लेनचा फोन म्हणजे मर्व्हला जगाची बातमी कळायची नाही.

मी बाबांना पत्र लिहून सरळ विचारलंय की तुम्हाला कुठे राहायचंय. असं आपण दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं. उत्तर तुलाही पाठवा म्हटलंय.

भांडण शाबूत ठेवून,
केरिन


वुल्फ्रम स्ट्रीट, ब्रोकन हिल, १२ सप्टेंबर

चि. केरिन आणि चि. ग्लेन यांना बापाचे आशीर्वाद, सारखे वाटून घ्या. वि. वि.

एकच पत्र दोन वेळा लिहिलंय, त्यामुळे कुणाला जास्त लिहिलं हे मोजू नका.

ग्लेनने कात्रण मलाही पाठवलं होतं. वाचलं. दोन्ही शहरं चांगली आहेत. सिडनीला केरिनने मला समुद्रासमोरच्या हॉटेलात नेलं. मला खोकला आला तेव्हा शेजारच्या बाईंनी खुर्ची सरकवली आणि केरिन लाल झाली. मेलबर्नला ग्लेनने सामन्याला नेलं. मी खोकलो तर पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं, आणि ग्लेन त्याच्या अंगावर धावून गेला. पोरांनो, इथे मी खोकलो तर कुणी मान वळवत नाही. क्लबात आम्ही सगळेच खोकतो. बारवाला तेवढा वेळ थांबतो आणि मग विचारतो की, काय घेणार. यादी करणाऱ्यांनी हे धरलंय का, मला माहीत नाही.

फुफ्फुसाभोवती पाणी साठलंय, आणि एक डाग आहे, तो कसला ते बघायचंय. नर्सने छातीचे फोटो ॲडलेडच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. ती म्हणाली की, मर्व्ह, आपण नेहमी जातो तिथेच जाऊ या ना. मला ते आधीच सुचायला हवं होतं. आपलं गाव पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जातं, दात काढायला, बाळंत व्हायला. केरिन, तू पोटात आडवी होतीस, तूही तिथेच झालीस. तुझ्या आईला सगळा रस्ता मी गाणी म्हणून दाखवली, आणि ती म्हणाली की कळा परवडल्या.

बावीस तारखेच्या बसने जातोय. मिसेस वेला सोबत येताहेत, डब्यात चीज-गाजराची कोशिंबीर घेऊन. तिकडचे लोक ती करत नाहीत. बरा झालो की परत इथेच येईन. दलाल आला तर गटार अजून तुंबलेलंच आहे, ते त्याला दाखवीन.

भेटायला या. पण एकेकटे या. तुमचं भांडण ऐकायला माझी हरकत नाही, पण मध्ये पडायला आता दम पुरत नाही.

दोघांवरही तेवढाच लोभ असलेला,
बाबा


सिडनी, १८ सप्टेंबर

चि. ग्लेन यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुलाही पत्र मिळालं असेल. ‘एकेकटे या’ हे वाक्य डोक्यात घेऊन मी तीन दिवस घरभर हिंडले. चूक कुणाची, यावर या वेळी मला काही लिहायचं नाही. लिहिलं तर तू उत्तर देशील, आणि तोवर बस सुटलेली असेल.

पहिल्या आठवड्यात ॲडलेडला तू जा. डॉक्टर पाणी काढतील तेव्हा बाबा तुझा हात घट्ट धरतील. माझ्यासमोर त्यांना शूर व्हावं लागतं. दुसऱ्या आठवड्यात, डागाचा निकाल येईल तेव्हा, मी असेन. तो ऐकताना माझ्याकडे रुमाल असेल, तुझ्याकडे नसतो. त्यांनी माझं विचारलं तर मी बरी आहे म्हणून सांग. मेलबर्नचं नाव काढू नकोस. मी सिडनीचं काढणार नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. तूही मला केलं नसशील, आणि तुझं बरोबर असेल. राहिलेलं भांडण बाबा वुल्फ्रम स्ट्रीटवर परत आल्यावर, त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्यादेखत करू. ते करायची वेळ आपल्यावर यावी.

तुझी बहीण,
केरिन