चार दिवस ड्रॉवरमध्ये राहिलेला फॉर्म

आणि आई, तो सक्तीचा विषय माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाहीये. लस दिल्यावर बाळाला काहीही झालं, म्हणजे गाठ आली, फिट आली, तीन तास रडणं थांबलं नाही, तर डॉक्टरने नाहीतर नर्सने ते वर कळवलंच पाहिजे, ऑप्शन नाही, असं माझं म्हणणं. कळवायला सांगितलेलं आत्ताही असतं, पण नाही कळवलं तर कोण विचारतंय? फार्मसी करून मी जुईनगरला लहान मुलांच्या एका हॉस्पिटलमध्ये लागलेय. साइड इफेक्टचे फॉर्म बघणं हे माझं काम. दोन महिन्यांपूर्वी मी सगळ्या स्टाफला बसवून यावर प्रेझेंटेशन दिलं, पंधरा स्लाइड. तेव्हापासून सिस्टर लोक मला 'फॉर्मताई' म्हणतात. तुला अभिमान वाटला असता की तूपण हसली असतीस, खरंच सांगता येत नाही. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते, आणि तुझ्या नोकरीबद्दल मला एवढंच माहीत होतं की तू सुया देतेस आणि तुझ्या हातांना स्पिरिटचा वास येतो.

एक दिवस मात्र नीट आठवतो. मी दुसरीत की तिसरीत, मे महिन्याची सुट्टी. घरी कोणी नाही म्हणून मी तुझ्या सेंटरवर, लसीच्या बॉक्सशेजारी स्टुलावर बसलेय. एका बाळाच्या मांडीवर सुईच्या जागी गळू झालंय आणि तू ते कागदावर लिहितेयस. तपासणीला आलेल्या मॅडम उभ्याउभ्याच वाचतात. "सिस्टर, तुमच्याच सेंटरला बरं सगळं होतं? बाकीचे सगळे निरंक पाठवतात." निरंक म्हणजे काहीच घडलं नाही, हे तू मला नंतर सांगितलंस. ज्याचं निरंक, त्याचं काम चांगलं, असा तेव्हा हिशोब होता. मॅडम म्हणतात, "गळू म्हणजे सुई नीट दिली नाही, असा अर्थ निघतो. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?" तू मान वर न करता म्हणतेस, "निघू द्या की मॅडम. माझी चूक असंल तर ती बी कळंल." तुझं साताऱ्याचं बोलणं सेंटरवर कधी ऐकू यायचं नाही. त्या दिवशी आलं.

घरी तू भाकऱ्या थापत होतीस आणि मी ओट्याला टेकून तुला शहाणपणा शिकवला. "आई, झिरो लिहायचं ना. मॅम खूश झाल्या असत्या." तू तवा खाली उतरवलास आणि पिठाच्या हाताने माझी हनुवटी धरलीस, दुखेल इतकी घट्ट. "शाळेत पोट दुखलं तर टीचरला सांगतीस का नाही? का तिला बरं वाटावं म्हणून गप बसतीस?" मी म्हटलं, सांगते. "मग? त्या लेकराला बोलता येत नाही. सुईनं झालं का कशानं, ते वरची माणसं बघतील. मी बघितलं ते मी लिहिणार." पुढे काही महिन्यांनी तुला लांबच्या सेंटरला टाकलं, दोन बस बदलून जायला लागायचं. त्या कागदामुळे टाकलं असं कोणी म्हणालं नाही, म्हणून मीही म्हणत नाही. पण तू घरी उशिरा यायला लागलीस, आणि मला राग तुझाच यायचा, मॅडमचा नाही.

आता माझं सांगते. प्रेझेंटेशनला आठवडा झाला नसेल, आमच्याकडे दीड वर्षाच्या एका मुलाला बूस्टर दिलं. संध्याकाळी घरी ताप चढला आणि त्याला फिट आली. घरच्यांनी जवळच्या दुसऱ्या हॉस्पिटलला नेलं, दोन दिवसांत घरी सोडलं, आता मस्त धावतोय. तो घरी आल्यावर त्याची आजी माझ्या टेबलाशी आली. सारसोळ्याची, मासळी विकते. "बाय, तू ती लिवनारी ना? मना येवडंच सांग, सुईनं झालं का नाय?" मी सुरू केलं, की पॉसिबल आहे, पण प्रूव्ह करायला लागतं. "तुजं पॉसिबल ठेव तुज्याकडं. घरी माज्या पोरीचा दुसरा हाय, दीड म्हैन्याचा. त्याला आनू का नको?" मी म्हटलं, आणा आजी. तापाने फिट येते कधीकधी, मुलं बरी होतात. आम्ही कळवतो, मग ते लोक येऊन बॅच वगैरे तपासतात. "कलवलंस?" मी म्हटलं, कळवतेय. "कलवलंस का मना सांग. मंग आनीन."

फॉर्म मी त्याच दिवशी भरला. आमच्या हॉस्पिटलचे मुख्य डॉक्टर, सर, म्हणाले, "अगं, सगळीकडे व्हायरल चालू आहे, त्यानेच आली असेल. कशाला चौकशी ओढवून घेतेस?" आणि जिने सुई दिली ती सिस्टर कॉन्ट्रॅक्टवर आहे, महिन्याअखेर रिन्यूअल. ती एवढंच म्हणाली, "फॉर्मताई, माझं नाव टाकावंच लागतं का गं त्यात?" टाकावं लागतं. मी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. उद्या बघू म्हटलं. चार दिवस मी उद्या बघू म्हणत होते, आणि व्हायरलच असेल हेही स्वतःला सांगत होते. फिट कशाने आली हे ठरवणं आपलं काम नाही, असं मीच स्लाइडवर बोल्डमध्ये लिहिलं होतं.

पाचव्या दिवशी वरून, महापालिकेच्या आरोग्य विभागातून, फोन आला. ज्या हॉस्पिटलने मुलाला ॲडमिट केलं होतं त्यांनी कळवलंय, तुमचा रिपोर्ट कुठाय? दहा मिनिटांत पाठवला. मग चौकशीवाले आले, फ्रिजचं तापमान आणि बॅच नंबर लिहून घेतले, चहा नको म्हणाले आणि गेले. निकाल अजून यायचाय. सिस्टरचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. ज्याला एवढं घाबरलो त्यातलं काहीच झालं नाही. मी आजीला फोन करून सांगितलं, कळवलं. तिने विचारलं, "कवा?" मी खरं ते सांगितलं. मग म्हणाली, "मना वाटला तू तवाच कलवलंस. बगते," आणि फोन ठेवला. दुसरं बाळ अजून आलेलं नाही. त्याची दीड महिन्याची लस लांबलीय.

मी अजूनही सगळ्यांना सांगत फिरते की सक्ती हवी, आणि लोकांना वाटतं मी लपवणाऱ्यांबद्दल बोलतेय. हे त्यांना सांगणार नाही, आणि हे पत्र तरी कुठे पाठवणार, म्हणून इथे लिहिते: मला नियम माझ्यासाठी हवाय. सगळ्यांनाच लिहावं लागलं तर लिहिणारा एकटा पडत नाही, आणि एकटं पडून लिहिणं मला जमलं नाही. तुला ते नियमाशिवाय जमलं, आणि त्याची किंमत तू दोन बस बदलून दिलीस. मग तूच सांग, सक्ती असती तर तुझं काम सोपं झालं असतं, की लिहावं लागतं म्हणून लिहिणारी माझ्यासारखी माणसं तुला तुझ्या सेंटरवर चाललीच नसती?