रणगाड्यावरचं धुणं

३ जून १९९३
आज पुन्हा दारातल्या रणगाड्याच्या नळीवर धुणं घातलं. वारसमे ओरडला — माझ्याच पोटचा, पण आता टोळीचा म्होरक्या! म्हणे शत्रू हसतील. शत्रू कोण, तर कोरड्या नदीपलीकडचं माझं माहेर. माझा धाकटा भाऊ अविल. हसू दे की. जन्मभर हसतोच आहे मला.
मी बोलते, नात इदिल लिहिते. तिला बजावलंय, एक शब्द गाळायचा नाही.

९ जून
सगळ्या टोळ्यांच्या म्हाताऱ्यांनी चार-पाच महिने झाडाखाली चहा ढोसला आणि नवं सरकार उभं केलं. झेंडा, अध्यक्ष, सगळं. आता म्हणतात, हत्यारं आणून द्या, यापुढे बंदूक फक्त सरकारची. वारसमे म्हणतो, आधी मामानं तोफ द्यावी. अविलला निरोप धाडला. तो म्हणतो, आधी भाच्यानं रणगाडा द्यावा. झालं! दोघांना मीच कडेवर वागवलं. दोघं सारखेच हट्टी.

१० जून
पाठ दुखते.

१४ जून
विहिरीवर दोन्हीकडच्यांनी गोळ्या झाडल्या. एक उंट मेला. आता माणूस मरेल. मुलगा की भाऊ, एवढंच ठरायचंय.

१५ जून
सत्तरीत माहेरी आले — रुसून! चटई काखेत मारून, इदिलला घेऊन नदी ओलांडली. माहेरी निघालेल्या बाईवर कोणी गोळी झाडत नाही, ना इकडचे ना तिकडचे. अविलच्या तोफेला टेकून बसलेय. वारसमेला कळवलं, आता गोळ्या झाड खुशाल, आई समोरच आहे. अविलला म्हटलं, तोफ हलेल तेव्हाच मी उठेन. तोवर चहा आण, साखर जास्त.

२२ जून
आज दोन्ही धुडं शेजारीशेजारी राजधानीकडे गेली. मामा-भाचे तोंडं फुगवून. अविल म्हणाला, "ताई, घरातली साखर संपली म्हणून देतोय!"

३० जून
सरकारपाशी रणगाडा चालवणारा नाही. वारसमेलाच ठेवून घेतलं. टोपी दिलीय, कानांवर येते.
धुणं आता काटेरी झुडपावर. फाटतं.

१९ ऑक्टोबर १९९४
माहेरच्यांना सरकारात दोनच खुर्च्या मिळाल्या. नाक्यावरचा कर द्यायला ते तयार नाहीत. अविल सगळ्यांना विचारत सुटलाय, हे आमचं सरकार कसं? झोपते.

२ नोव्हेंबर
रणगाडा परत आलाय. त्याच जागी. नळी माहेराकडे. टोपी सावरत वारसमे उतरला. म्हणाला, "आई, या वेळी मी नाही. सरकारचा हुकूम आहे."
चटई काढली. माहेरी आता टेकायला तोफसुद्धा नाही.