लॅपटॉपला उठवतं कोण

सोम., १० नोव्हें.
आज शिफ्टच्या वेळी लॅपटॉप मेलेला. सकाळी चार्जिंग फुल होतं. स्लीपवर टाकून लेकीला, पिंटीला शाळेत सोडायला गेले. लाइट गेली ती गेलीच. दुपारी एकला शिफ्टला बसते तर बॅटरी शून्य. शुक्रवारी प्रोबेशन संपतंय. मॅनेजर मॅडम थंडपणे म्हणाल्या, "इंझोरीसारख्या गावात राहून जमणार आहे का हे काम?" डोकंच फिरलं.

मंगळ., ११
आजही तेच! पूर्ण बंद करून ठेवावा, तर पुन्हा सुरू केल्यावर कंपनीचं लॉगिन आयटीवाल्यांच्या परवानगीशिवाय होत नाही. ते फोन उचलत नाहीत. स्लीपमध्ये बॅटरी अशी संपत नाही, कोणीतरी जागा करतंय. हे कारंज्याला कामावर, मी शाळेकडे गेले की घरी सासूबाई एकट्याच. शेवटी विचारलं, तुम्ही चालू करता का? आवाज चढलाच माझा. "मले त्याचं बटन कुठं हाय तेई माहीत नाई. काहून चालू करू मी?" मला खोटंच वाटलं.

बुध., १२
आज लाइट होती म्हणून निभावलं. लॅपटॉप शेवटचा कशामुळे जागा झाला, ते सांगणारी कमांड सापडली. उत्तर: माऊस. पण तो हलवला कोणी? उद्या पिंटीला शेजारच्या वहिनींबरोबर धाडते. मी इथेच बसणार.

गुरु., १३
पाहिलं. देवपूजा आटोपली की सासूबाई टेबलाशी येतात. माऊसवर हात टेकवतात, तो कपाळाला लावतात नि जातात. स्क्रीन उजळते, पण त्यांची पाठ वळलेली. विचारलं तर म्हणाल्या, "जे घर चालवते त्याच्या पाया पडा लागते." आपोआप झोपणं मीच बंद केलेलं, कंपनीला मी गैरहजर दिसू नये म्हणून. म्हणजे एकदा जागा झाला की बॅटरी संपेपर्यंत जागाच. हसू की रडू!
सेटिंगमध्ये जाऊन माऊसची, कीबोर्डचीही जागं करायची परवानगी काढली. आता फक्त बटणाने उठेल. सासूबाईंना सगळं समजावलं, चुकलं म्हटलं.

शुक्र., १४
सकाळी लाइट गेली, पण बॅटरी भरलेली. वेळेवर लॉगिन. मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, गैरहजेरीचे ते दोन दिवस वर कळवलेत, निर्णय सोमवारी.
सासूबाई दारातच उभ्या होत्या.
"राह्यली का नौकरी?"
"सोमवारी कळेल, आई."
त्या हळूच म्हणाल्या, "आन माह्या पाया पडन्यानंच गेली असन त?"
मी त्यांचा हात धरून टेबलाशी नेलं नि तो माऊसवर टेकवला.