उरलेला चुना

वस्तीवरून, सोनईजवळ
२६ एप्रिल २०२५

प्रिय आबासाहेब,

ताईचा सलाम. साखर उतरली का तुझी? चर्चचा पाळक असलास तरी गूळ चोरून खाणं सोड. इकडे कांदा निघाला, चाळीत भरून झाला. ऊन असं की दुपारी पत्र्याखाली बसवत नाही.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘ताई, ऐक, ऐक’ म्हणत स्वतःच बोलतोस. म्हणून कागद घेतला.

ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरस्तानात चुना लावायला गेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे गात तिथे जातात, तेव्हा सगळं पांढरंशुभ्र दिसायला हवं. निकीची जागा उतारावर आहे, पावसात लवकर काळी पडते. दोन वर्षं झाली, लेकीच्या कबरीला मी अजून ‘जागा’च म्हणते.

तिला मातीत ठेवताना तू म्हणालास, ‘ताई, रडू नकोस, आपण तिला पुन्हा भेटणार आहोत.’ हातातली मूठभर माती तुझ्याच तोंडात कोंबावी असं वाटलं होतं मला. मी तुझ्याशी धड का बोलत नाही, ते आता कळलं असेल.

तर तिथे रुपाली आली. शेजारच्या कानिफनाथांची सून. पौषात तिचं तान्हं बाळ गेलं. त्यांच्यात तान्ह्यांना जाळत नाहीत, पुरतात. ओढ्याच्या काठी पुरलं, वर खूणसुद्धा नाही. मी कुंचा फिरवत होते ते बघत ती बांधावर बसली. मग म्हणाली, “मावशी, निकीला तुमी परत भेटनार म्हनं. खरं हाय का?”

आबा, तुला म्हणून सांगते. माझ्याजवळ स्वतःपुरतंही काही उरलेलं नाही. रविवारी आपल्या देवळात जाते ती सवयीनं. प्रार्थना ओठांवर येते आणि तिथेच वाळून जाते. पण ती पोर माझ्या तोंडाकडे बघत होती.

“व्हय,” मी म्हणाले. “येशू उठला, म्हनून निकीबी उठंल.”

“आन माझा लेक?”

“लेकरांना तो टाकत न्हाई गं.”

ती रडली नाही. बादलीत उरलेला चुना तेवढा मागितला. मी दिला.

सोमवारी बोभाटा झाला, ओढ्याकाठी ख्रिस्ती कबर बांधली म्हणून. बांधली कसली! एक दगड उचलून ठेवला होता आणि त्याला चुना फासला होता. कानिफनाथ चार माणसं घेऊन दारात आले. इतकी वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलेला माणूस, पण उंबऱ्याबाहेरूनच ओरडला, “रतनबाई, माज्या सुनेला काय शिकिवलं?” मी जे बोलले होते तेच सांगितलं. त्यांनी दगड ओढ्यात फेकला. रुपालीला माहेरी धाडलं. उद्या मला पारावर बोलावलंय, मुद्दाम आपल्या उपासनेच्या वेळेला. सगळ्यांपुढे म्हणायचं, की मी धर्माचं काही बोललेच नाही, चुना तिनं घराला लावायला नेला होता. नाहीतर वस्ती सोडायची.

तूही फोनवर तेच म्हणालास. ‘ताई, एवढं म्हण आणि मोकळी हो.’ तुझ्या घराच्या काचा फोडल्या तेव्हापासून वस्त्यांवरच्या प्रार्थना तू बंद केल्यास. मी तुला भित्रा म्हणत नाही रे. मीही भ्याले आहे.

पण ‘बोललेच नाही’ म्हणाले, तर निकी कायमची गेली. मग ती फक्त मातीत आहे. तू दिलेली ती आशा मला नको होती, अजूनही रात्री तिचा राग येतो. पण रुपालीपुढे ती पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाली, आणि आता परत गिळता येत नाही. माझ्याजवळ दुसरं काहीच नाही, आबा.

हे पत्र पोचेल तोवर उद्याचा दिवस होऊन गेलेला असेल. तुला अडवता येऊ नये म्हणूनच परत फोन केला नाही.

पुढच्या ईस्टरला मी इथे नसले तर चुना तू लाव. सगळा संपवू नकोस, बादलीत थोडा राहू दे. रुपाली परत आली तर मागेल.

तुझी ताई,
निकीची आई