खोलीला तुमचं नाव

बाई,

तुमच्या शाळेचा अर्ज माझ्या टेबलावर आलाय. मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळांना कॅमेरे, ध्वनिमुद्रणाचं साहित्य, चित्रं हलती करणारे कॉम्प्युटर अशा गोष्टींसाठी एक संस्था अनुदान देते, आणि ते कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीवर मी आहे. रत्नागिरीकडचे अर्ज माझ्याकडे येतात. मी सही केली तर मिळतं, नाही केली तर नाही. अर्ज चांगला आहे, खोटं कशाला बोलू? मुख्याध्यापक तरुण दिसतात, त्यांनी मुलांकडूनच लिहून घेतलंय कोणाला काय करायचंय ते. एका मुलीला बंदरावरच्या लिलावाची फिल्म करायची आहे. सगळं वाचत वाचत शेवटाला आले, तर तिथे एक ओळ. नव्या कक्षाला तुमचं नाव द्यायचं शाळेने ठरवलंय, कारण तुम्ही या भागातल्या मुलांच्या हाती पहिल्यांदा संगणक दिलात. मुलांच्या हाती! माझं डोकंच फिरलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्यावरचा राग विझला असेल असं मला वाटत होतं. काही विझलेला नाही.

कॉम्प्युटर तुम्ही आणलात, हे मान्य. ऐंशीनंतरचे दिवस, मी नववीत होते. सरकार काही निवडक शाळांना मशीन देणार होतं आणि ते गावातल्या इंग्रजी शाळेलाच जाणार हे सगळे धरून चालले होते. तुम्ही मुख्याध्यापिका, तुम्ही सरकारी कचेरीत खेटे घातलेत, पदर खोचून भांडलात, आमच्या मराठी शाळेने तुमचं काय घोडं मारलंय असं साहेबाला तोंडावर विचारलंत. शेवटी एस.टी.च्या टपावरून खोकी आली. बटणांचं एक मशीन, एक छोटा टीव्ही, एक टेपरेकॉर्डर. आणि मग काय तो थाट! चिऱ्याच्या त्या खोलीला रंग दिला, खिडक्यांना पडदे लावले, दाराला भलं मोठं कुलूप, किल्ली तुमच्या कमरेला. आख्खा वर्ग चपला बाहेर काढून उंबऱ्यापाशी उभा राहायचा आणि आत बघायचा. बघायचा फक्त. तुम्ही पुण्याला जाऊन शिकून आला होतात, पण त्या मशीनची तुम्हाला भीती वाटायची. एका बोटाने बटण दाबायचात आणि चुकलं की रागाने टीव्हीकडे बघायचात. एकदा बटण सापडेना म्हणून तुम्ही मला उंबऱ्यावरून आत बोलावलंत, माझी बोटं भरभर चालतात हे तुमच्या लक्षात आलं, आणि आख्ख्या शाळेतून तुम्ही मला एकटीला आत घेतलंत. आठवडाभरात मी पडद्यावर एक होडी काढली, शिडासकट. पुढच्या आठवड्यात ती चालायला लागली.

तेव्हा घरी माझ्या शाळेचा निकाल लागल्यातच जमा होता. आई बंदरावर मासे विकायची. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, की मलाही टोपली घेऊन बसवायची असं तिचं ठरलेलं. हे कळलं तसं तुम्ही आमच्या घरी आलात. मला ती संध्याकाळ अजून दिसते. आई चुलीपुढे बसून बांगडे साफ करतेय, तुम्ही पाटावर बसलाय, नाकाला पदर, पुढ्यातला चहा तसाच. पण तुम्ही उठत नाही. आईला म्हणता, "हिचा हात त्या यंत्रावर चालतो. माझ्या शाळेत असा दुसरा हात नाही. हिला काढू नका." आईने हातातला बांगडा साफ करून टोपात टाकला आणि म्हणाली, बाई म्हणताहेत तर शिकू दे. दुसऱ्या दिवशी तिने तुमचं ते बोलणं सगळ्या बंदराला ऐकवलं. माझी शाळा त्या मशीनवर टिकून होती, आणि हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी विळी, कोयता, होडीचं इंजिन, सगळ्यांची पूजा होते. तुम्ही मशीनची मांडलीत. मी ताम्हण धरून शेजारी उभी होते. टीव्हीच्या कडेला हळदकुंकू लावलंत तोवर ठीक होतं. मग कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर घेऊन तुम्ही थेट बटणांवर टाकल्यात आणि वरून फुलाने पाणी शिंपडलंत. मी "बाई" एवढंच म्हटलं. तुमचे डोळे मिटलेले होते. पुजलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, म्हणून त्या अक्षता कोणी झटकल्याही नाहीत. तुम्ही वर चादर घातलीत आणि कुलूप लावलंत.

दसरा झाला आणि लगेच अधिकारी आले. दिलेल्या मशीनचं शाळेने काय केलं ते बघायचं आणि आवडलं तर आणखी मशीन द्यायची, असं होतं. सकाळी लिंबाने हात घासून, धुतलेला गणवेश घालून मी खुर्चीत बसले. होडी दाखवायची होती. मशीन चालू केलं तर पडद्यावर एकच अक्षर, ओळीमागून ओळी, थांबायलाच तयार नाही. एक बटण दाबलेलंच राहत होतं, दुसरी दोन दबतच नव्हती. अधिकाऱ्यांपैकी एक जण हसला. तुमचा चेहरा लाल होतो, तुम्ही माझ्याकडे बघता, आणि मला अजूनही वाटतं की तेवढ्या क्षणात तुम्हाला अक्षता आठवल्या असणार. तुम्ही म्हणालात, "बंदरावरची पोरगी आहे. माशांचे हात घेऊन बसते यंत्रावर. किती वेळा सांगितलं." एकदाही सांगितलं नव्हतंत, बाई. सांगण्यासारखं काही नव्हतंच. शिपायाने मला दंडाला धरून बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी आई टोपली बाहेर ठेवून तुमच्या खोलीत आली. माझ्या पोरीनं काय केलान ते मला दाखवा, म्हणाली. तुम्ही दाखवायला उठला नाहीत. हिला आता बंदरावरच बसवा, तिथेच हिचे हात चालतील, असं तुम्ही तिला सांगितलंत, तेही वर न बघता. आईने मला त्याच पावली घरी आणलं. वाटेत ती मला एक शब्द बोलली नाही, आणि मी काहीतरी केलं असणार असं तिलाही वाटत होतं, हे मला त्या गप्प राहण्यावरून कळलं. ते मात्र मी तुम्हाला कधीच माफ केलं नाही.

महिन्याभराने मुंबईहून मेकॅनिक आला. मासे घ्यायला आलेल्या शिपायाने आईला सांगितलं, "मशीन उलटं केलंन तसे तांदूळ पडले, लाल लाल. बाईंनी बघितलंनी." मग काय झालं, असं आईने विचारलं. "मग काय, मला झाडून घ्यायला सांगितलंनी." आईच्या हातातली सुरी थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, आता बोलावतील बघ तुला. मशीन दुरुस्त झालं, खोली उघडली, पुन्हा कुलूपही लागलं. आमच्या दाराशी कोणी आलं नाही. वर्षभर मी टोपली घेऊन बसले. मुंबईच्या मामाला कळलं तसं त्याने मला नेलं, शाळेत घातलं, म्हणून आज या खुर्चीत आहे. तुमच्यामुळे नाही. परवा मुख्याध्यापक फोनवर कौतुकाने म्हणाले, मॅडम, तुम्ही तर बाईंच्याच हाताखालच्या. मी हो म्हटलं. त्या बिचाऱ्याला काय सांगायचं?

तर अनुदान मी मंजूर केलंय, पूर्ण. कॅमेरे मिळतील, कॉम्प्युटर मिळतील, मुलांनी वापरून वापरून बटणं झिजवावीत. लिलावाची फिल्म करणाऱ्या त्या मुलीवर मी कशाला सूड उगवू? फक्त त्या शेवटच्या ओळीवर काट मारली आणि समासात लिहिलं की संस्थेच्या नियमानुसार अनुदानित कक्षाला व्यक्तीचं नाव देता येत नाही. मुख्याध्यापकांचा लगेच फोन आला. नियम वाचायचा राहून गेला म्हणून दोनदा माफी मागितली, पाटीचं काम थांबवतो म्हणाले. मी म्हटलं, असू दे, बऱ्याच शाळांचं तसं होतं.

असा काही नियम नाही, बाई.