तुम्ही ‘बी.ई.’ म्हणालात तो दिवस

आप्पा, आज दुपारीच घरी आलो आणि कपडेही न बदलता लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. मद्रासचं चेन्नई झालं, माझे केस पिकले, आणि मी अजून लोकांची यंत्रं उघडून बसतो. कामाचं काही वाटत नाही, पण प्रत्येक नव्या माणसापुढे पहिल्यापासून सुरुवात करायचा कंटाळा आलाय.

तांबरमच्या कॉलेजात तुम्ही परीक्षा विभागात क्लार्क होतात. तुमच्याच शब्दावर मला तिथे बी.एस्सी.ला जागा मिळाली, आणि दुसऱ्या वर्षी मी वर्ग सोडून मौंट रोडच्या मागच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागलो. हजेरी कमी पडली, परीक्षेला बसता येणार नाही, असा कागद निघाला तो तुमच्याच टेबलावरून. तुम्ही ओरडला नाहीत. रात्री आई पानात सांबार वाढत होती, तेव्हा मान खाली घालूनच म्हणालात, “तुला सगळं येईल रे. पण तू कोण, असं विचारलं की काय सांगशील?” मी वीस वर्षांचासुद्धा नव्हतो. मनात म्हटलं, कोण विचारतंय!

सगळ्यांनी विचारलं, आप्पा. रेडिओनंतर अंबत्तूरच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायला शिकलो, मग कोडंबाक्कमच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाची यंत्रं सांभाळली. मूर मार्केटातून जुनी इंग्रजी पुस्तकं आणायची, शेजारी डिक्शनरी ठेवायची, एकेक पान दहादा वाचायचं. जिथे गेलो तिथे काम माझ्याकडे यायचं आणि जागा दुसऱ्याला मिळायची. तुम्ही यातलं काही विचारत नव्हतात. दर नव्या नोकरीला “सरी”, बरं, म्हणायचात, एवढंच.

मग तुमचा खोकला. त्या खासगी रुग्णालयात आपण सकाळी पोचलो तर एक्स-रेचं मशीन बंद. कंपनीचा माणूस मुंबईहून यायचा, आठ दिवस तरी लागणार होते. तुम्हाला बाकावर नीट बसवतही नव्हतं. मी डॉक्टरांना म्हणालो, मी बघू का? त्यांनाही दुसरा इलाज नव्हता. तसलं मशीन मी आयुष्यात पहिल्यांदा उघडत होतो. सगळ्यांकडे पाठ करून बसलो आणि एकेक तार तपासत गेलो. टायमरमधला एक रिले, वीज चालू-बंद करणारा छोटा भाग, जळला होता. ओळखीच्या दुकानातून तसाच रिले आणला, बसवला, आणि दुपारी त्या मशीनवर पहिला फोटो तुमच्या छातीचा निघाला. डॉक्टर खूश झाले. “एन्न पडिच्चिरुक्कींग?” काय शिकलायत, असं त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही, शर्टाची बटणं लावता लावता म्हणालात, “बी.ई. माझा मुलगा इंजिनिअर आहे.”

तीस वर्षं दुसऱ्यांच्या गुणपत्रिका तपासणारे तुम्ही. कोणाचा एक गुण इकडचा तिकडे होऊ दिला नव्हतात. बसमध्ये मी चिडून म्हणालो, “खोटं कशाला बोललात? माझ्यासाठी असलं करू नका.” तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. “तुझ्यासाठी नाही रे,” म्हणालात, “माझ्यासाठी बोललो. एकदा म्हणून बघायचं होतं.” मग सैदापेट येईपर्यंत खोकत राहिलात.

त्याच रुग्णालयाने मला नोकरी दिली. सात महिन्यांनी तुम्ही गेलात, आणि मी तिथे अकरा वर्षं ‘इंजिनिअर सार’ होतो. दर वेळी हाक ऐकली की सांगून टाकावंसं वाटे, आणि दर वेळी कुठलंतरी मशीन बंद पडलेलं असे. शेवटी नव्या व्यवस्थापकाने सगळ्यांची सर्टिफिकिटं मागितली. मी त्याच्या खोलीत गेलो आणि डिग्री नाही म्हणून सांगितलं. “मग बी.ई. कोणी सांगितलं?” त्याने विचारलं. “मीच सांगितलं होतं,” मी म्हणालो. तुमचं नाव घेतलं नाही. महिनाअखेरीस मी बाहेर होतो.

तेव्हापासून लहानसहान दवाखान्यांची कामं करतो. माझ्या जागी आलेला तरुण डिग्रीवाला आहे, माणूस भला आहे, अडला की फोन करतो, “सार, हे कसं उघडायचं?” मी सांगतो. आज सकाळीही तासभर सांगितलं. फोन ठेवताना तो “शिकवलंत, थँक्यू सार” म्हणाला, आणि दिवसभराचं बळच गेलं.

हे पत्र कुठे टाकणार? पण एक गोष्ट कोणालातरी सांगायला हवी. जूनपासून मी पत्रद्वारा बी.ए.ला नाव घातलंय. दर रविवारी वर्ग असतो. मागच्या बाकावर बसतो. पहिल्या दिवशी आत शिरलो तर पुढची पोरं मला मास्तर समजून उठून उभी राहिली. इतिहासाच्या पहिल्या पेपरात नापास झालो. घरी यातलं काही माहीत नाही. रविवारी निघताना बायको कुठे म्हणून विचारते, आणि मी सांगतो, मशीन बंद पडलंय.